झोनवरचा दुसरा पदर : काउंटीतल्या जमिनीबद्दल वाचकांचे प्रश्न

अमेरिकेत घर किंवा जमीन घेणाऱ्या मराठी वाचकांचे आठ प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेकांचा घोटाळा एकाच जागी होतो. नकाशावर आपल्या तुकड्याचा झोन (त्या जमिनीवर काय करता येते, हे ठरवणारा वर्ग) पाहिला, समोर 'रेसिडेन्शियल' किंवा 'अ‍ॅग्रिकल्चर' दिसले, की चौकशी संपली असे वाटते. काउंटी (राज्यातला जिल्ह्यासारखा कारभाराचा भाग) मात्र मूळ झोनवर शेती राखणे, डोंगर, पूर, विमानतळ अशा खास कारणांसाठी वेगळे नियम चढवते. घर होणार की नाही, कसे होणार, हे पुष्कळदा त्या वरच्या पदरावर ठरते.

प्रश्न : आमचा पत्ता सॅन होजेचा आहे, पण शहराच्या प्लॅनिंग खात्यात गेलो तर 'तुम्ही आमच्याकडे येत नाही' म्हणाले. असे कसे? शिवाय माझ्या मामेभावाच्या डोंगरावरच्या जागेसमोर 'एचएस-डी१' लिहिले आहे. त्याचा अर्थ काय?

उत्तर : पत्त्यातले शहर टपाल खाते ठरवते. तुमच्यावर हुकमत कोणाची, हे त्यावरून कळत नाही. सॅन होजे ज्यात येते त्या सांता क्लारा काउंटीत शहरांच्या मध्येच असे तुकडे राहिलेले आहेत, जे कोणत्याच शहरात सामील झालेले नाहीत. तिथे झोनिंग काउंटीचे, परवाने काउंटीचे आणि तुमचे नगरसेवक म्हणजे काउंटीचे बोर्ड ऑफ सुपरवायझर्स. खात्री करायची तर प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलावरचा पार्सल नंबर (जमिनीच्या तुकड्याचा क्रमांक) घ्या आणि काउंटीच्या नकाशावर तो टाका. पत्ता टाकून शोधू नका, शेजारचा तुकडा निघतो. मोठे काम काढणार असाल तर आधी एक गोष्ट विचारा. शहराच्या पोटातले असे तुकडे शेवटी शहरांनी सामावून घ्यावेत, असे या काउंटीचे धोरण आहे. त्यामुळे तुमचे काम आधी शहरात सामील होण्यावर अडते का, हे नकाशे काढण्यापूर्वी कळलेले बरे.

'एचएस-डी१' हे दोन तुकड्यांत वाचायचे. एचएस हा मूळ झोन, म्हणजे डोंगरउतार. इथे नवा भूखंड पाडायचा तर उतार जितका तीव्र तितके जास्त एकर लागतात, २० पासून १६० पर्यंत. डॅशनंतरचे डी१ म्हणजे खालच्या खोऱ्यातून दिसणारा डोंगर. त्यासाठी घराची वेगळी डिझाइन-तपासणी होते. बाहेरचा रंगसुद्धा त्यात येतो : रंगाचे प्रकाश-परावर्तन मूल्य ४५ च्या वर नको. पांढरेशुभ्र घर मनात असेल तर ते तिथे होणार नाही. डॅशनंतरचे अक्षर न वाचता आर्किटेक्टला पैसे देणारे बरेच जण असतात, आणि नकाशे परत काढण्याचा खर्च त्यांच्या माथी बसतो.

प्रश्न : ऑरेगनमध्ये हिल्सबोरोजवळ २० एकर जमीन विक्रीला आहे. झोन एएफ-२०. हेझलनटची बाग लावून तिथेच घर बांधायचा विचार आहे. २० एकरांना एक घर, असाच त्याचा अर्थ ना?

उत्तर : नाही. हा गैरसमज फार महागात पडतो, म्हणून थोडे सविस्तर.

महाराष्ट्रात अडचण खरेदीच्या वेळी येते : शेतकरी असल्याचा पुरावा नसेल तर शेतजमीन घेता येत नाही. ऑरेगनमध्ये जमीन कोणीही घेऊ शकतो, अडचण घर बांधताना येते. १९७३ च्या सीनेट बिल १०० या राज्याच्या कायद्यानंतर प्रत्येक काउंटीला राज्याच्या चौकटीत बसेल असा आराखडा करावा लागला. शहरांभोवती वाढीची हद्द आखली गेली आणि हद्दीबाहेरची चांगली जमीन 'फक्त शेतीसाठी' म्हणजे ईएफयू झोनमध्ये गेली. वॉशिंग्टन काउंटीतला एएफ-२० नावाने वेगळा दिसतो, पण त्याला हेच राज्याचे शेतीचे नियम लागतात. नावातला २० हा आकडा घराचा हक्क देत नाही. आज नवा भूखंड पाडायचा तर शेतजमिनीत किमान ८० एकर लागतात आणि चराऊ जमिनीत १६०. आधीपासूनचे लहान तुकडे विकता येतात. त्यांच्याबरोबर घराची परवानगी आपोआप येत नाही.

घरापर्यंत जाणारे रस्ते मोजके आहेत. पहिला उत्पन्नाचा. माती 'उच्च दर्जाची' असेल, आणि विलामेट खोऱ्यात ती बहुधा असतेच, तर त्या शेतातून वर्षाला ८०,००० डॉलर ढोबळ (खर्च वजा करण्याआधीचे) उत्पन्न दाखवावे लागते : लागोपाठ मागची दोन वर्षे, किंवा मागच्या पाचपैकी तीन वर्षे. हलक्या मातीसाठी हाच आकडा ४०,००० आहे. शेती त्या घरात राहणाराच करत असला पाहिजे. हेझलनटचे झाड लावल्यापासून हाती काही लागेपर्यंत चार-पाच वर्षे जातात आणि त्यानंतर दोन वर्षांचा हिशोब दाखवायचा. म्हणजे आज जमीन घेतली तर घराचा अर्ज सहा-सात वर्षांनी, तोही उत्पन्न त्या आकड्यापर्यंत पोहोचले तर. भाव पडलेल्या वर्षी २० एकर बागेतून तेवढे निघणे अवघड आहे. रोपवाटिकेसारख्या पिकात शक्यता जास्त, पण ती पूर्णवेळची शेती झाली. नोकरी सांभाळून होणारी नव्हे.

दुसरा रस्ता जुन्या मालकांचा : १ जानेवारी १९८५ च्या आधीपासून ज्यांच्याकडे जमीन आहे त्यांना एका घराची वाट मिळू शकते. मंजुरी घेण्याआधीच जमीन विकली तर हा हक्क संपतो. एजंट म्हणाला की 'या जमिनीवर घर होतं', तर ते विकणाऱ्यासाठी की घेणाऱ्यासाठी, हे नेमके विचारा. तिसरा रस्ता आम्हाला सगळ्यांत पक्का वाटतो : जमिनीवर कायदेशीर जुने घर असले तर ते पाडून नवे बांधता येते. मात्र त्याला शाबूत भिंती आणि छप्पर, घरात नळ व संडास, वीज आणि गरम करण्याची सोय असावी लागते किंवा पूर्वी असल्याचे सिद्ध करावे लागते. पडके घर 'नाहीतरी पाडायचेच आहे' म्हणून परवान्याआधी जमीनदोस्त करू नका. पुरावाच नाहीसा होतो.

वृद्ध आई-वडिलांच्या आजारपणासाठी तात्पुरते फिरते घर ठेवायची तरतूद शेतीझोनमध्येही आहे. पण आधीचे एक घर तिथे असले तरच. परवान्याची दर दोन वर्षांनी फेरतपासणी होते आणि गरज संपली की तीन महिन्यांत ते घर हलवावे लागते.

काही जण शेतीचे कोठार म्हणून शेड उभी करतात आणि वर राहायला लागतात. शेतीच्या इमारतीला बांधकाम परवान्यातून सूट आहे ती शेतीच्या वापरासाठी. राहणे सुरू झाले की सूटही गेली आणि नियमभंगाची नोटीस आली. करांचाही विचार करा. शेतीची सवलत तुटली तर ईएफयूमध्ये मागच्या दहा वर्षांपर्यंतचा फरक भरावा लागू शकतो.

खरेदीचा प्रस्ताव देण्यापूर्वी काउंटीकडून तीन गोष्टी लेखी घ्या : हा तुकडा कायदेशीररीत्या पाडलेला आहे का, घराचा कोणता रस्ता तुम्हाला लागू होतो, आणि सेप्टिकसाठी माती योग्य आहे का. करारात 'घराची जमीन-वापर मंजुरी मिळाल्यास' अशी अट घाला. विकणारा ती अट मान्य करत नसेल तर तेच तुमचे उत्तर समजा. तुम्हाला मुळात घर आणि मागे थोडी बाग हवी असेल तर त्याच काउंटीत एएफ-१० आणि एएफ-५ झोनमधले तुकडे पाहा. भाव जास्त असतो, पण ते झोन ग्रामीण घरांसाठीच आहेत.

प्रश्न : मेरीलँडच्या माँटगोमेरी काउंटीत 'अ‍ॅग्रिकल्चरल रिझर्व्ह'मधली ३० एकर जमीन पाहिली. विकणारा म्हणतो, टीडीआर विकून झाले आहेत, बाकी काही अडचण नाही. मुंबईत टीडीआर म्हणजे बिल्डरचा विषय. इथे शेताचा टीडीआर कसला?

उत्तर : टीडीआर म्हणजे एका जागेवरचा बांधकामाचा हक्क, जो दुसऱ्या जागेसाठी विकता येतो. कल्पना एकच, कारण वेगळे. मुंबईत १९९१ च्या नियमावलीने आरक्षणाची जमीन देणाऱ्याला मोबदला म्हणून बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरायला किंवा विकायला दिला. माँटगोमेरीत १९८० साली काउंटीने आपल्या सुमारे एक तृतीयांश भूभागावर, जवळजवळ ९३,००० एकरांवर, घरांची घनता एकदम उतरवली : ५ एकरांना एक घर होते, ते २५ एकरांना एक झाले. शेतकऱ्याचे नुकसान उघड होते. म्हणून हक्क मोजायचे ते जुन्याच मापाने, ५ एकरांना एक टीडीआर. घर मात्र नव्या मापाने, २५ एकरांना एक. उरलेले हक्क शेतकऱ्याने विकायचे आणि काउंटीने ठरवलेल्या शहरी भागात बिल्डरने ते विकत घेऊन जास्तीची घरे बांधायची. ही घरे कुठे स्वीकारायची, हे ठरवण्याच्या पद्धतीत खोट निघाल्यामुळे १९८७ साली राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने काउंटीला अडवले होते. काउंटीने तो भाग झोनिंगमध्ये नीट बसवून योजना चालू ठेवली. आजही हा देशातल्या यशस्वी प्रयोगांपैकी एक मानला जातो, आणि तो मान रास्तच आहे. वॉशिंग्टन राजधानीपासून इतक्या जवळ एवढी सलग शेती दुसऱ्या कोणत्या उपायाने टिकली असती असे आम्हाला वाटत नाही.

आता तुमचा हिशोब. ३० भागिले ५, म्हणजे मुळात ६ टीडीआर. ३० एकरांत घर बसते एकच. घर बांधायचे तर त्या घरापुरता एक टीडीआर जमिनीबरोबर राखून ठेवावा लागतो. म्हणजे विकता येण्याजोगे पाच. विकणाऱ्याने पाच विकले असतील तर ठीक. सहाही विकले असतील तर ती जमीन कायमची बिनघराची. 'विकून झाले आहेत' या तीन शब्दांत हा सगळा फरक दडलेला आहे. काउंटीच्या भूमी-अभिलेखांत टीडीआर इझमेंटची (जमिनीवरच्या कायमच्या बंधनाची) नोंद असते. मालकीचे कागद तपासणाऱ्या टायटल कंपनीकडून तिची प्रत मागा आणि त्यातला आकडा स्वतः वाचा. इमारतीचा हक्कच कायमचा मिटवणारी बीएलटी नावाची दुसरी इझमेंट असते, तीही शोधा.

कागद जुळले तरी माती उरतेच. इथे सांडपाण्याची गटारव्यवस्था नाही, त्यामुळे पाणी झिरपण्याची चाचणी पार झाल्याशिवाय घर नाही. भूजलाची पातळी ओल्या हंगामात, हिवाळा सरताना पाहिली जाते. ऑगस्टमध्ये करार करून सप्टेंबरमध्ये चाचणी हवी म्हणाल तर ते जमत नाही. पुढच्या वसंतापर्यंत थांबायची तयारी ठेवा आणि करारातली मुदत त्या बेताने लिहा. आणखी एक : मुलांसाठी लहान भूखंड पाडण्याची सवलत ऐकिवात येईल. ती योजनेच्या सुरुवातीपासूनच्या मालकांसाठी आहे, नव्या खरेदीदाराला मिळत नाही.

प्रश्न : आमचे मंडळ सॅक्रमेंटो परिसरात काउंटीच्या शेतीझोनमध्ये ५ एकर घेऊन गणपतीचे देऊळ आणि सभागृह बांधायच्या विचारात आहे. शेजारी विरोध करतील अशी भीती आहे. केंद्राचा कायदा आपल्या बाजूने आहे, त्यामुळे नकार देताच येणार नाही, असे एका सभासदाचे म्हणणे आहे. खरे आहे का?

उत्तर : अर्धे खरे. तो कायदा सप्टेंबर २००० मधला, आरएलयूआयपीए या नावाचा. झोनिंगच्या निमित्ताने धर्माचरणावर मोठे ओझे लादता येत नाही, आणि इतर संमेलनांच्या जागांना जे चालते ते देवळाला नाकारता येत नाही, असे तो सांगतो. पण तो परवान्यातून सूट देत नाही. अर्ज, सुनावणी, पार्किंग, अग्निसुरक्षा, सगळे करावेच लागते.

तुमच्याच शेजारच्या सटर काउंटीतले गुरुद्वाराचे प्रकरण मंडळाच्या सगळ्यांनी समजून घेण्यासारखे आहे. युबा सिटीच्या गुरू नानक शीख सोसायटीने आधी वस्तीच्या झोनमध्ये दोन एकरांहून लहान जागेवर अर्ज केला. आवाज आणि रहदारीच्या कारणाने तो फेटाळला गेला. मग त्यांनी शेतीझोनमध्ये सुमारे २९ एकर घेतले. काउंटीच्या अधिकाऱ्यांनी सुचवलेल्या अटी त्यांनी मान्य केल्या, प्लॅनिंग कमिशनने मंजुरीही दिली. शेजाऱ्यांनी अपील केले आणि बोर्डाने मंजुरी रद्द केली. कारण दिले की हे बांधकाम म्हणजे शहरापासून सुटी, उडी मारून होणारी वाढ आहे. २००६ साली नवव्या सर्किटच्या (केंद्रीय अपील) न्यायालयाने निकाल सोसायटीच्या बाजूने दिला. वस्तीत नको कारण गर्दी, शेतीत नको कारण एकटेपणा, असे म्हटले तर काउंटीत जागाच उरत नाही, हा त्यातला गाभा. आणि प्रत्येक अट स्वीकारलेली असूनही नकार आला, याला न्यायालयाने फार वजन दिले. तुम्ही घ्यायची ती गोष्ट हीच : पहिल्या दिवसापासून अटी मान्य केल्याचे लेखी ठेवा. पुढे कोर्टात जायची वेळ आली तर नोंदीत जे आहे तेवढेच उपयोगी पडते.

जागा घेण्याआधी काउंटीबरोबर अर्जपूर्व बैठक घ्या. तिची फी किरकोळ असते आणि प्रत्येक खाते आपल्या मागण्या तिथे मांडते. देवळांचे अर्ज श्रद्धेवर अडत नाहीत. अडतात ते पुढच्या चार-पाच ठिकाणी. रहदारीचा अभ्यास रोजच्या आरतीवर करून चालत नाही, गणेशोत्सव आणि दिवाळीच्या दिवशीचा आकडा स्वतःहून द्या. कमी दाखवलात तर सुनावणीत शेजारी तुमच्याच कार्यक्रमाचे फोटो आणतात. सभागृहात जमिनीवर किंवा सुट्या खुर्च्यांवर बसणार असाल तर इमारत संहिता माणशी ७ चौरस फूट धरते. म्हणजे ३,००० चौरस फुटांचा हॉल ४२८ माणसांचा मोजला जातो, तुम्ही दीडशेच येतो म्हणालात तरी. प्रार्थनास्थळाला ३०० माणसांपासून किंवा १२,००० चौरस फुटांच्या वर स्प्रिंकलर (आग लागली की छतातून पाणी फवारणारी यंत्रणा) सक्तीचे आहेत. पण त्याच हॉलचा वापर अर्जात मेजवानीचा म्हणून लिहिला गेला, तर मर्यादा १०० माणसे आणि ५,००० चौरस फुटांवर येते. महाप्रसाद हा पूजेचा भाग आहे की हॉल लग्नांना भाड्याने द्यायचा आहे, हे अर्ज लिहिण्यापूर्वी ठरवा. कारण एका शब्दाने लाखभर डॉलरचा फरक पडू शकतो. स्प्रिंकलरला पाणी हवे. शेतीझोनमध्ये नळ नसतो, मग मोठी टाकी आणि पंप. सेप्टिकचे माप उत्सवाच्या दिवसाचे हवे. अग्निशमनाची गाडी वळेल इतका रस्ता आणि वळणजागा हवी.

एवढे सगळे ५ एकरांत बसते का, हे सिव्हिल इंजिनिअरकडून ढोबळ आराखड्यावर काढून घ्या. पार्किंग, सेप्टिक आणि त्याची राखीव जागा, टाकी, हद्दीपासूनचे अंतर ही वजाबाकी झाली की देवळाला किती उरते ते दिसेल. आमचे मत विचाराल तर ५ एकर तंग आहेत. शेजाऱ्यांना मात्र नोटीस जाण्याआधी स्वतः जाऊन भेटा, हातात आराखडा घेऊन. ढोल-ताशा बाहेर किती वाजेपर्यंत, हे तुम्हीच अट म्हणून सुचवा.

प्रश्न : फ्रीमाँटमध्ये घरून पोळी-भाजीचे डबे देते. घर शहरात आहे, मग काउंटीचा संबंध येतो का?

उत्तर : येतो, ताई, आणि तुमच्या फायद्यासाठी येतो. कॅलिफोर्नियाच्या २०१८ च्या कायद्याने घरगुती लघु-स्वयंपाकघराचा परवाना सुरू केला. तो द्यायचा की नाही हे काउंटी ठरवते आणि फ्रीमाँट ज्यात येते ती अलमेडा काउंटी तो देते. एकदा काउंटीने दिला की त्या घरात हा व्यवसाय करायला शहर झोनिंगच्या जोरावर मनाई करू शकत नाही. मर्यादा दिवसाला ३० आणि आठवड्याला ९० जेवणांची. वार्षिक विक्रीची मर्यादा १,००,००० डॉलर, तीही महागाईनुसार वाढत जाते. घरच्यांशिवाय एकच पूर्णवेळ मदतनीस ठेवता येतो. घराबाहेर पाटी लावता येत नाही. अन्न त्याच दिवशी करून त्याच दिवशी द्यायचे, म्हणजे रविवारी आठवड्याच्या भाज्या करून फ्रीजमधून पाठवणे बसत नाही. डबा तुम्ही, घरचे किंवा मदतनीस पोहोचवणार. डिलिव्हरी अ‍ॅपला साधारणपणे मनाई आहे. दुधाचे पदार्थ तयार करणेही वर्ज्य आहे. विकतचे दही कढीत घालणे वेगळे; घरी विरजण लावून दही, चक्का बांधून श्रीखंड विकणे नियमात बसत नाही. अर्जाबरोबर मेनू द्यावा लागतो, तिथेच हे आधी विचारून घ्या.

प्रश्न : अ‍ॅशबर्नजवळ टाउनहाउस घेत आहोत. विमानांचा आवाज आणि मागच्या मोकळ्या जागेत डेटा सेंटर, दोन्हींची धास्ती आहे. काय तपासावे?

उत्तर : अ‍ॅशबर्न ज्यात येते त्या व्हर्जिनियातल्या लाउडन काउंटीत डलेस विमानतळाभोवती आवाजाचा खास पदर आहे. तो सरासरी आवाजाच्या रेषांवर आखतात. रात्री १० ते सकाळी ७ चे प्रत्येक उड्डाण १० डेसिबलने जास्त मोजले जाते. ६५ डेसिबलच्या रेषेच्या आत नवी घरे नाहीत. ६० ते ६५ मध्ये नव्या घराच्या आतला आवाज ४५ डेसिबलच्या आत राहील असे बांधकाम लागते. त्याबाहेर एक मैलापर्यंत खरेदीदाराला कळवणे बंधनकारक आहे. तो खुलासा क्लोजिंगच्या (खरेदी पुरी होतानाच्या) कागदांत एक पान होऊन येतो आणि लोक सही करून मोकळे होतात. जुन्या घरांना नव्या खिडक्या-भिंतींचा नियम लागलेला नसतो, म्हणून खरेदीपूर्वी रात्री ११ ला आणि पहाटे ६ ला त्या खोलीत जाऊन उभे राहा.

डेटा सेंटरबद्दल : १८ मार्च २०२५ ला लाउडनच्या बोर्डाने ती आपसूक बांधायची मुभा काढून घेतली. आता सुनावणी आणि विशेष मंजुरी लागते. आधीच पुढे गेलेल्या काही अर्जांना मात्र जुने नियम राहिले आहेत. म्हणून मागच्या तुकड्याचा झोन पाहून थांबू नका. काउंटीच्या ऑनलाइन अर्ज-प्रणालीत तो पार्सल नंबर टाकून चालू आणि मंजूर अर्ज काढा, आणि 'प्रॉफर' वाचा. व्हर्जिनियात झोन बदलून घेताना बिल्डर ज्या अटी स्वतःहून देतो त्या जमिनीला चिकटतात, मालक बदलला तरी. झाडांचा पट्टा किती फूट, इमारत किती उंच, जनरेटर कुठे, हे तिथे फुटांत लिहिलेले असते.

प्रश्न : टेक्ससमध्ये केटीला आलो. इथे काउंटीचे झोनिंग कुठे पाहायचे?

उत्तर : कुठेच नाही. काही तलावांभोवतीचे अपवाद सोडले तर टेक्ससच्या काउंटींना सर्वसाधारण झोनिंगचा अधिकारच नाही. तुमच्या शेजारी काय येईल हे सबडिव्हिजनच्या (एकत्र पाडलेल्या प्लॉटांच्या वसाहतीच्या) डीड रिस्ट्रिक्शन्स, म्हणजे खरेदीखतातल्या अटी, ठरवतात आणि त्या तुमच्याच सबडिव्हिजनपुरत्या. काउंटीच्या हाती प्लॉट पाडणे, सेप्टिक आणि पूर एवढे आहे. पुराकडे नीट पाहा. २०१७ च्या हार्वे चक्रीवादळानंतर हॅरिस काउंटीने पूरक्षेत्रातल्या नव्या घराचे जोते ५०० वर्षांच्या पुराच्या (कोणत्याही वर्षी पाचशेत एक शक्यता असलेल्या पुराच्या) पातळीपेक्षा २ फूट वर मागायला सुरुवात केली. जुने घर घेताना एलेव्हेशन सर्टिफिकेट (घराच्या उंचीचा दाखला) मागा. पूरक्षेत्रातल्या घराच्या दुरुस्तीचा खर्च, जमीन सोडून नुसत्या घराच्या बाजारभावाच्या ५० टक्क्यांवर गेला, तर अख्खे घर आजच्या नियमापर्यंत उचलावे लागते. फोर्ट बेंड काउंटीत बार्कर जलाशयाच्या पाठच्या काही सबडिव्हिजनांच्या नोंदणीकृत प्लॅटवर (प्लॉट पाडल्याच्या नकाशावर), इथे पाणी साठवले जाऊ शकते, अशी सूचना बारीक अक्षरांत छापलेली होती. प्लॅटची पूर्ण आकाराची प्रत काढून कडेचे मजकूर वाचा.

प्रश्न : फेअरफॅक्स काउंटी आमच्या भागाचा झोन बदलणार अशी नोटीस आली. विरोध करून काही उपयोग होतो का?

उत्तर : कशाला विरोध करता यावर आहे. याच काउंटीचे दोन दाखले शेजारी ठेवून पाहा. १९८२ साली ऑकोक्वान जलाशयाचे पाणी राखण्यासाठी काउंटीने सुमारे ४१,००० एकर ५ एकरांना एक घर अशा झोनमध्ये टाकले. जमीनमालक कोर्टात गेले आणि हरले, कारण पिण्याच्या पाण्याचे कारण खरे होते आणि त्यामागे अभ्यास होता. उलट मार्च २०२१ मध्ये मंजूर केलेली संपूर्ण नवी झोनिंग नियमावली व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये रद्द ठरवली. ती महामारीच्या काळात ऑनलाइन सभेत मंजूर झाली होती आणि तशा सभेत तो विषय घ्यायचा अधिकार नव्हता. काउंटीने मे महिन्यात प्रत्यक्ष सभा घेऊन ती पुन्हा मंजूर केली.

म्हणजे 'आमच्या घराची किंमत पडेल' एवढ्यावर बोर्ड हलत नाही. नोटीस वेळेत आणि योग्य लोकांना गेली का, जाहिरातीत नेमके काय लिहिले होते, काउंटीच्या स्वतःच्या सर्वंकष आराखड्याशी हा बदल जुळतो का, हे तपासा. काउंटीच्या अधिकाऱ्यांचा अहवाल, म्हणजे स्टाफ रिपोर्ट, सुनावणीच्या आधी येतो. त्यातले रहदारी, शाळा, पावसाचे पाणी यांचे आकडे घेऊन त्यांवर बोला. तोंडी बोलायला मिनिटे मोजकी असतात, म्हणून लेखी निवेदन आधी द्या, ते नोंदीत राहते. दहा शेजाऱ्यांनी एकच पत्र पाठवण्यापेक्षा प्रत्येकाने आपल्या पार्सलबद्दल एक ठोस गोष्ट लिहावी. निर्णय झाल्यावर सर्किट कोर्टात जायला व्हर्जिनियात ३० दिवस मिळतात आणि ते बोर्डाच्या मतदानाच्या दिवसापासून मोजतात. वकील शोधायचा तो सुनावणीच्या आधी.